सोहारच्या खोक्याचा निकाल

सावंत, तुम्ही माझ्याशी शेवटचं काय बोललात ते आठवायचा मी प्रयत्न केला. माणूस गेला की असं काहीतरी आठवायची पद्धत आहे. आठवलं ते एवढंच : "मागच्या बाजूला उभी राहू नको, गरम वाऱ्याने डोकं चढेल." यात काही खोल अर्थ आहे का, हेही शोधून पाहिलं. नाही सापडला. सर्व्हरच्या मागून गरम वारा येतो आणि त्याने माझं डोकं चढतं, एवढाच त्याचा अर्थ आहे.

रविवारी सकाळी सोहारहून फोन आला. तुमच्या कारखान्याचा टाइमकीपर म्हणाला, "मॅडम, सावंत सर एक्सपायर हो गया." आपल्या कामात लायसन्स एक्सपायर होतात. मला क्षणभर खरंच वाटलं की कशाचं तरी नूतनीकरण करायचं राहिलंय आणि तुम्ही त्यासाठी फोन करायला लावलाय. मग तो रडायला लागला. कामावर निघायच्या आधी, खोलीवरच, हृदय बंद पडलं म्हणे. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मी तिथे नव्हते.

तेव्हापासून सरकारी कागद करून आणणारा ऑफिसचा पीआरओ पोलीस, हॉस्पिटल, दूतावास अशा फेऱ्या मारतोय. ओमानमध्ये यायला जेवढे शिक्के लागतात त्याहून जास्त इथून मेल्यावर जायला लागतात. आज दुपारी तुमचं गोव्याचं विमान आहे. तोवर मला तुमच्याशी थोडं बोलून घ्यायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि अर्धवट भांडण मला पचत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

भांडण कशावरून, हे सांगायला गेलं की लोक कीव आल्यासारखं बघतात. माझ्या नवऱ्याला मी ते ताटाळ्यावरून समजावलं होतं. ताटाळ्यात ताटं उभी लावतात तसे पातळ सर्व्हर एका खोक्यात शेजारी-शेजारी उभे करायचे. त्यांना ब्लेड म्हणतात. वीज सगळ्यांना मिळून, पंखे सगळ्यांना मिळून. प्रश्न एवढाच, की त्यांचं बोलणं खोक्याबाहेर न्यायचं कसं. एक मार्ग पास-थ्रूचा : प्रत्येक ब्लेडची स्वतंत्र वायर खोक्याच्या मागून निघते आणि सरळ रॅकच्या माथ्यावरच्या मोठ्या स्विचला, म्हणजे सगळ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्राला, जाते. जितके ब्लेड तितक्या वायरी, सगळा झुपकाच. दुसरा मार्ग म्हणजे खोक्याच्या आतच एक छोटा स्विच बसवायचा, सगळ्यांचं बोलणं आतल्या आत गोळा करायचं आणि मोजक्या जाड वायरींनी बाहेर काढायचं. नवरा म्हणाला, "मग यात भांडायचं काय?" तो बँकेत आहे.

तुम्ही सर्व्हर सांभाळणारे, तरी पास-थ्रूवाले; मी नेटवर्कची, तरी स्विचवाली. बाहेर जगात सहसा याच्या उलट असतं. सर्व्हरवाल्यांना वायरींचा कंटाळा असतो आणि नेटवर्कवाल्यांना दुसऱ्याच्या खोक्यात आपला स्विच ठेवणं जिवावर येतं. पण मी बसायची मस्कतला, कुरुमच्या ऑफिसात, पडद्यासमोर. तुम्ही सोहारला, पाइप कारखान्याच्या माडीवरच्या सर्व्हर रूममध्ये, बाहेर जूनचं ऊन आणि आत तुम्ही कानटोपी घालून. मला सगळं आतल्या स्विचमार्फत कुरुमहून दिसायला हवं होतं. तुम्हाला ते सोहारात हाताला लागायला हवं होतं. तुमच्या जुन्या रॅकमागच्या वायरी तुम्ही वेणी घालावी तशा बसवल्या होत्या, आणि कोणी पाहुणा आला की त्याला पुढची बाजू न दाखवता थेट मागे न्यायचात.

"गो बाय, वायर डोळ्यांनी दिसाक व्हयी," हे तुमचं पालुपद. "एक वायर गेली तर एक सर्व्हर गेला. कुठली गेली ते दिसतं. उपटायची, दुसरी लावायची. तुझा स्विच आत बसून काय करतो ते देवाला माहीत."

"देवाला नाही, मला माहीत असतं," मी म्हणायची.

"तेच म्हणतोय मी."

नव्या खोक्यात यातलं काय बसवायचं, ते मी ठरवायचं होतं. पण वायरींइतका सरळ तो विषय राहिला नाही, कारण आपल्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत त्याला शेपूट जोडलं. खमीस मस्कतचा, मोजकं बोलणारा, आपल्याशी नेहमी हिंदीतच बोलणारा. तो म्हणाला, "स्विच डालेगा तो मेधा इधर से सब करेगी. फिर सोहार में फुल-टाइम आदमी का काम नहीं." हे म्हणताना तो तुमच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. जागा बंद म्हणजे व्हिसा बंद, व्हिसा बंद म्हणजे विमान. आखातात हे कोणाला फोड करून सांगावं लागत नाही.

बैठक संपल्यावर तुम्ही मला पार्किंगमध्ये गाठलंत. तापलेल्या गाड्यांच्या मधे उभं राहून, बोट उगारून म्हणालात, "माज्या नोकरीचो विषय हेच्यात हाडूचो नाय. वायरीबद्दल बोल. काय?" मी हो म्हटलं. मला तुमच्याबद्दल फार आदर वाटला. आता वाटतं, जरा घाईनेच वाटला.

त्याच सुमारास खोकं विकणारा माणूस दुबईहून आला होता, आठवतं? सूट घालून, बातिना हायवेवरून थेट सोहारला. नेटवर्कचा प्रत्येक प्रश्न मी विचारायची आणि तो उत्तर तुम्हाला द्यायचा. मस्कतला येऊन मला फार काळ झाला नव्हता, पण या प्रकाराची सवय मात्र झाली होती. वर तो तुमच्याच बाजूने बोलत होता. पास-थ्रू किती साधं, किती भरवशाचं. तुम्ही नुसती मान डोलावली असतीत तरी तुमचं काम झालं असतं. त्याऐवजी तुम्ही खुर्ची फिरवलीत, त्याच्याकडे पाठ केलीत, माझ्याकडे तोंड करून बसलात आणि म्हणालात, "मॅडम को बताओ. मैं तो खाली वायर खींचता है." त्यानंतर आपल्या ऑफिसात माझ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला देण्याची हिंमत कोणी केली नाही. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. मानते.

मग खोकं आलं, तपासून बघायला म्हणून. अर्ध्या बाजूला पास-थ्रू, अर्ध्या बाजूला स्विच, दोन्ही शेजारी-शेजारी चालवून काय बरं ते ठरवायचं. आलं ते नेमकं दसऱ्याला. मी बौशरच्या घरून सकाळी निघाले, वाटेतली सगळी राउंडअबाऊट पार करत सोहारला पोचले, तर तुम्ही खोक्यासमोर मांडी घालून बसलेले. झेंडूची माळ मस्कतच्या रुवीहून कोणाच्या तरी हाती मागवलेली. आपट्याची पानं मिळाली नाहीत म्हणून कागदाची कापलेली. उदबत्ती लावली असती तर आग विझवायचा गॅस सुटला असता, म्हणून ती नुसतीच शेजारी ठेवलेली. अक्षता मात्र मूठ भरून.

"सावंत, ते पंखे ओढून घेतील ना आत."

"बंद आसत. दसऱ्याक शस्त्र चालवूचा नसता."

आणि खरोखरच त्या दिवशी तुम्ही मला खोकं सुरू करू दिलं नाहीत. एवढा पल्ला गाडी हाकून मी तुम्ही दिलेला श्रीखंडाचा डबा घेऊन परत आले. खमीसला सांगितलं, उद्यापासून सुरू. त्याने कारण विचारलं नाही. सणासाठी काम थांबतं हे त्याला नवीन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्विचच्या बाजूचे सगळे ब्लेड बोलू लागले. पास-थ्रूच्या बाजूचा एक मुका राहिला. माझ्या पडद्यावर त्याच्यापुढे लाल ठिपका. तुम्ही वायर बदललीत, ब्लेड बदललात. सपोर्टवाल्यांशी फोन झाले. ते म्हणाले फर्मवेअर, म्हणजे खोक्याच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनं आहे. तेही बदललं. लाल ठिपका जागचा हलेना. मी मनातून खूश होते आणि ते लपवायचे कष्टही घेतले नाहीत. "दिसतेय का वायर डोळ्यांनी?" असं रोज सकाळी फोनवर विचारायची.

मग एका सकाळी तुम्हीच फोन केलात. "अगो, तांदूळ गावलो."

खोक्याच्या मागच्या एका भोकात, जिथे वायरीचं टोक शिरतं तिथे, कुंकवाने लाल झालेला एक दाणा तळाशी जाऊन बसला होता. धूळ जाऊ नये म्हणून लावलेली टोपणं तुम्हीच पूजेसाठी काढली होतीत. वायर बाहेरून नीट बसल्यासारखी दिसायची, पण आत पूर्ण टेकत नव्हती. तुम्ही टॉर्च घेऊन एकेक भोक बघत गेलात आणि चिमट्याने तो बाहेर काढलात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुम्ही दाणा खिशात घालून गप्प बसला असतात तर कोणाला पत्ता लागला नसता. सगळ्यांनी फर्मवेअरवर विश्वास ठेवला असता. तुम्ही खमीसला मेल पाठवलात आणि बिघाडाचं कारण म्हणून एकच शब्द लिहिलात : राइस.

खमीसने मला बोलावलं. "ये राइस क्या है?"

"पूजा का राइस. ब्लेसिंग के लिए."

त्याने मेल पुन्हा एकदा वाचला. "माशाल्ला," म्हणाला.

आपण मात्र त्या दाण्यावर पुढे महिनाभर भांडलो. तुम्ही म्हणायचात, "बघ, सोहारात हात होते म्हणून सापडला. कुरुमच्या पडद्यावर तुला जन्मात तांदूळ दिसला नसता." मी म्हणायची, "सोहारात हात होते म्हणूनच पडला. हात नसते तर तांदूळही नसता." तुम्ही म्हणायचात, माणसाने केलेली चूक माणसाला दुरुस्त करता येते. मी म्हणायची, चूक करणारा माणूसच नसेल तर दुरुस्तीला कशाला हवा. तोच दाणा, दोघांचाही साक्षीदार. एकदा तर खमीसच्या समोर आपण मराठीतच सुरू झालो, आणि तो हात जोडल्यासारखं करून खोलीबाहेर निघून गेला. साहेबाला त्याच्याच केबिनमधून घालवणारे आपणच.

तुमचा एक मुद्दा मला कधी खोडता आला नाही, तो इथे कबूल करते. तुम्ही विचारलंत, "कुरुम-सोहार लाइन तुटली तर?" मी म्हटलं दुसरी लाइन आहे. तुम्ही म्हणालात, "दोन्ही एकाच खड्ड्यातून जातात. मी चालत जाऊन बघितलंय. जेसीबी एक फावडं मारील आणि तू आंधळी." मी चौकशी केली. खरंच एकाच खड्ड्यातून जात होत्या. त्या दिवशी मला झोंबलं होतं. संध्याकाळी घरी मुलावर उगीच ओरडले.

आणि माझा एक मुद्दा तुम्हाला खोडता आला नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही गणपतीला घरी जाता तेव्हा काय? मागच्या वर्षी तुमच्या मागे कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनने भलतीच वायर उपटली होती. माणूस नसताना तुमचं पास-थ्रू काय कामाचं?" तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. चहा घेतलात. कारखान्याच्या भोंग्याबद्दल काहीतरी बोललात. मला वाटलं, मी बिनतोड बोलले. मी मनात पाठ थोपटून घेतली.

डिसेंबरपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं. स्विच. दोन्ही लाइन वेगळ्या वाटांनी न्यायच्या आणि स्विच बसवायचे. शंका नव्हती. अहवाल लिहायला एक दुपार पुरली असती. मी तो लिहिला नाही.

का नाही, ते तुम्हाला कळलं असेल असं मला वाटत होतं. तुमचं वय मला ठाऊक होतं. या वयात आखातात दुसरी नोकरी कोण देतो? वहिनी तिकडे देवगडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलीचं लग्न नुकतंच झालेलं, आणि तुम्ही इतकी वर्षं इथे एकटे. तुमच्या पगारावर घरात काय-काय उभं असेल याचा मी माझ्या मनाने हिशोब मांडला. तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण तो विषय हाडूचो नाय. म्हणून चाचण्या वाढवत नेल्या. आज हे मोजा, उद्या ते मोजा, एक ब्लेड बंद करून बघा, आता दोन बंद करून बघा. तुम्ही सगळं निमूटपणे करायचात आणि आकडे पाठवायचात. "अजून काय मोजूचा रवला गो?" असं विचारायचात. मी म्हणायची, थोडंसंच. खमीस विचारायचा, निकाल कधी? मी म्हणायची, इन्शाल्ला. हा शब्द मी इथे येऊन शिकले आणि त्या हिवाळ्यात पुरेपूर वापरला.

मला वाटत होतं, मी तुमच्यावर उपकार करतेय. वाटत होतं, तुम्हाला ते कळतंय आणि तुम्ही न बोलता मान्य करताय. मोठं सुसंस्कृत वाटत होतं मला हे सगळं.

सोमवारी वहिनींचा फोन आला. आवाज शांत होता. वर्गात बोलून-बोलून घडलेला आवाज. म्हणाल्या, "तुम्ही मेधा ना? तुमचं नाव घरात फार होतं." मी जे बोलायचं असतं ते बोलले. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी दिवाळीनंतर निवृत्त झाले. त्यांनी सांगितलं होतं की आता मी पण येतो, कायमचा. सगळं ठरलं होतं. मी विचारायची, कधी येताय? तर म्हणायचे, मेधाचो निकाल लागलो की येतंय." मग विचारलं, "तुमची कसली परीक्षा होती का हो?"

मी हो म्हणाले. काय सांगणार होते?

"लागला का निकाल?"

"अजून नाही," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि खमीसच्या केबिनमध्ये गेले. दार न वाजवता. विचारलं, "तुमको मालूम था?"

त्याला सगळं ठाऊक होतं. तुम्ही उन्हाळ्यातच त्याला सांगितलं होतंत, नोकरी सोडतोय म्हणून. "बोला, नया मशीन लगाके जाएगा. बीच में छोड़के नहीं जाएगा. और बोला, मेधा को मत बताना. मैंने प्रॉमिस किया."

"क्यों?"

"उसने बोला, मेधा को पता चलेगा तो वो बोलेगी, आदमी ही जा रहा है तो वायर कौन देखेगा? खलास, बात खतम. सावंत बोला, ऐसे नहीं. बात पूरा होना चाहिए." खमीसने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मेरे को लगा, तुम जल्दी बताएगी. तुम कितना टाइम लिया, मेधा."

त्याने तो प्रश्न म्हणून विचारला नव्हता.

म्हणजे सोहारात माणूस असावा असं तुम्ही म्हणत होतात ते तुमच्यासाठी नव्हतंच. तुमच्यानंतर येणाऱ्या कोणासाठी तरी होतं, जो अजून कोणालाच माहीत नव्हता. तुम्हाला वाटत होतं की जिथे यंत्र आहे तिथे त्याच्याजवळ एक माणूस असलाच पाहिजे. आणि गणपतीच्या सुट्टीवरून मी बोलले तेव्हा तुम्ही गप्प बसलात, कारण मी नकळत नेमकी तीच गोष्ट बोलले होते जी तुम्ही माझ्यापासून झाकून ठेवली होतीत. ताकास तूर लागू दिली नाहीत.

तुम्ही सोहारात थांबलात माझा निकाल लागावा म्हणून, आणि मी निकाल अडवला तुम्ही सोहारात राहावं म्हणून. मी हे वाक्य दोन दिवस डोक्यात फिरवतेय. त्यात कुठे काही दुरुस्त करता येत नाही.

मला तुमचा राग आलाय, सावंत. पार्किंगमध्ये बोट उगारून तुम्ही मला गप्प केलंत आणि मी शहाण्या मुलीसारखी गप्प बसले. एकदा, फक्त एकदा, "बाय, मी तर चाललोय" असं म्हणाला असतात तर मी त्याच संध्याकाळी अहवाल पाठवला असता आणि तुम्ही नाताळाच्या आत देवगडला असतात. मुद्द्यावरून हरायला नको म्हणून तुम्ही एवढं लपवलंत? सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. मी स्वतःला अपराधी वगैरे मानून घेणार नाही. लोक म्हणतील, तुझी काय चूक. बरोबरच आहे. तुम्हीही तेच म्हणाला असतात, वर चहा पाजला असतात. त्याने काही फरक पडत नाही. मला तुमची फार आठवण येते. सकाळी फोनवर भांडायला कोणी नाही, आणि भांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही हे मला या आठवड्यात कळलं.

मुलाने काल विचारलं. त्याचं मराठी अडखळतं, तुम्ही त्याला चिडवायचात त्यावरून. "सावंतकाका… आता घरी पोचले?" मी म्हटलं, अजून नाही, कागद व्हायचेत. तो म्हणाला, "बट ही वॉज ऑलवेज गोइंग होम, नो?" तुम्ही त्यालाही सांगितलं होतंत बहुतेक. मी विचारलं नाही.

काल दुपारी बसून अहवाल लिहिला. पहिल्यांदा तुमची बाजू लिहिली. खड्डा सगळ्यात वर. मग दिसणारी वायर, मग एक गेली तर एकच जाते हे, मग तांदूळ, तुमच्या अर्थाने. कुठे काही पातळ केलं नाही. तुम्ही स्वतः लिहिलं असतंत तर एवढं नीट लिहिलं नसतंत, तुमचं इंग्रजी मला माहीत आहे. मग माझी बाजू लिहिली. मधे एकदा वाटलं, पास-थ्रू लिहून टाकावं. कोण विचारणार होतं? सोहारात माणूस ठेवतील, रॅकमागे वायरींची वेणी राहील, तुमच्या नावाने काहीतरी राहील. मग तुमचा चेहरा दिसला. "मेल्यावर जिंकवतस काय गो?" तुम्ही खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली असतीत, त्या दुबईवाल्याकडे केलीत तशी. खोडलं आणि पुढे लिहिलं.

आज सकाळी खमीसने ते वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, जे तो सहसा करत नाही.

"सावंत का साइड तू ज्यादा अच्छा लिखी."

"हाँ."

"फिर भी स्विच?"

"फिर भी स्विच."

त्याने सही केली. "खलास," म्हणाला, पण हळू. सोहारची जागा या महिन्याअखेर बंद होईल. ती मी बंद केली. तुम्ही जिवंत असतात तरी केली असती, आणि मला वाटतं, तुम्हाला तेच हवं होतं की मी तसं करावं किंवा करू नये ते वायरीवरून ठरवावं. तसं ठरवलंय. चुकले असेन तर एखाद्या दिवशी जेसीबी येईल आणि मी बातिना हायवेवरून गाडी पळवत येईन. तेव्हा मनातल्या मनात तुमचं म्हणणं ऐकून घेईन.

आत्ताच वहिनींना फोन केला. विमान वेळेवर आहे, जावई गोव्याला गाडी घेऊन पोचलेत, सगळं सांगितलं. मग सांगितलं, निकाल लागला. त्यांनी विचारलं, चांगला लागला ना? मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरं झालं. त्यांना फार लागून राहिलं होतं ते."

पीआरओचा मेसेज आलाय, पेटी विमानात चढली. निकाल लागला, सावंत. तुम्ही हरलात. निघा आता, घरी वाट बघताहेत.